बांधावर तोल जातो, फिजिओ म्हणतात कोअर कमकुवत आहे. प्लँक मात्र जमत नाही

मार्कंडेयकाठ
१४ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार. मी बेळगावजवळच्या कंग्राळीची. वय ६१, अंगणवाडीतनं निवृत्त होऊन वर्ष झालं. नदीकडच्या अंगाला आमचं दीड एकर भात आहे. लावणीला बायका मिळेनात, म्हणून यंदा मी आणि सूनबाईच उतरलो.

तिसऱ्या दिवशी तरव्यातनं रोपाची पेंडी डोक्यावर घेऊन बांधावरनं चालले होते. हा बांध लग्न होऊन आल्यापासनं माझ्या पायाखालचा. मध्येच उजवा पाय जरासा सरकला. पूर्वी असं झालं की कमरेत एक झटका बसून माणूस आपोआप सावरायचं. ह्या वेळी सावरलंच नाही. पाय सरकलाय हे कळलं, पण कळेपर्यंत मी खाली होते. लागलं काही नाही, चिखल मऊ. पण मनात भीती बसली. त्याच्या आधी पंधरा दिवस सीबीटी बसस्टँडजवळ बसमधनं उतरताना असंच झालं होतं. मागच्या पोरीनं दंड धरला म्हणून वाचले.

मुलगा फिजिओकडं घेऊन गेला. त्यांनी एका पायावर उभं केलं, तीन सेकंदांत मी पाय टेकला. पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, कोअर, म्हणजे पोटाकमरेचे आतले स्नायू, कमकुवत आहे, प्लँक करा, म्हणजे पालथं होऊन हातांवर नि चवड्यांवर अंग उचलून धरा, रोज अर्ध्या मिनिटाचे तीन. चित्राचा कागद दिला. दहा मिनिटांत आम्ही बाहेर.

तो प्लँक मला होत नाही. मनगटं दुखतात, तोंड लाल होतं, श्वास कोंडतो. बीपीची गोळी चालू आहे, त्यामुळं भीती वाटते. शुगरची मेटफॉर्मिन गोळी सात वर्षं, दिवसातनं दोन वेळा. आणि पालथं पडून पोट घट्ट करायचा आणि बांधावर उभं राहायचा संबंध काय, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही. अंगणवाडीत मी पोरांना लंगडी घालायला लावत होते. पोरं पडायची, उठायची, महिन्याभरात त्यांना जमायचं. उभ्यानं शिकायची गोष्ट मी पालथी पडून का शिकायची?

न्हाताना साबण लागू नये म्हणून डोळे मिटले की भिंत धरावी लागते, तेवढं एक. बाकी चक्कर नाही. सपाट रस्त्यावर चालणं ठीक आहे.

ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगावं. सुगीला मला त्याच बांधावरनं चालायचं आहे.


टिळकवाडी_पहाट
१४ जुलै, रात्री १०.१५

काकू, प्लँक एकदम सोडू नका. गुडघे टेकून करा, हातांऐवजी कोपरं टेका. तेही नको असेल तर भिंतीला हात लावून उभ्यानं करा, मनगटावर भार कमी येतो. मी रोज व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पळायला जातो, तिथं साठीच्या पुढचे बरेच जण झाडाला धरून एका पायावर उभं राहायची सवय करतात.


धोटा_वडगाव
१५ जुलै, सकाळी ६.२०

ताई, मी वडगावचा. वय ६४. ३८ वर्षं यंत्रमागावर उभा होतो. ‘कळेपर्यंत मी खाली होते’ हे तुमचं वाक्य वाचलं आणि काल रात्री झोप लागेना. माझं तंतोतंत हेच झालं होतं.

दोन मागांच्या मधली गल्ली दोन-अडीच फुटांची. खाली सुताचा कापूस पडलेला असतो. मागाच्या धोट्यात सुताची कांडी बदलून वळलो आणि गेलो. डावं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. ते काढल्यावर फिजिओ बाईंनी हाताबरोबर तोलही तपासला आणि मलाही हेच सांगितलं, पोटाचे नि कमरेचे आतले स्नायू कामाला येत नाहीत. मला राग आला. तरुणपणी मी तालमीत होतो. रोज तीनशे बैठका, दोनशे जोर. पोट आजही मुठीनं मारलं तर मुठीला लागेल असं. मी म्हटलं, बाई, पोट बघा की, कमकुवत कुठाय?

त्यांनी मला चटईवर उताणं झोपवलं, गुडघे उभे. कमरेखाली आपला हात सारला आणि एक पाऊल चार बोटं उचला म्हणाल्या. मी पाऊल उचललं, त्याबरोबर कंबर त्यांच्या हातावरनं उठली आणि श्वास कोंडला. चार बोटं पाऊल उचलायला एवढा गडी श्वास कोंडतो! त्या बाई कानडी. ‘उसिरु बिडी, अण्णा, उसिरु बिडी’ हे त्या दिवशी मी पंचवीस वेळा ऐकलं असेल. श्वास सोडा, अण्णा.

तेव्हा मला आमचे वस्ताद आठवले. पवित्र्यात उभं करून ते मागनं येऊन अचानक ढकलायचे. ज्यानं छाती फुगवून पोट आवळलेलं असायचं तोच तोंडावर आपटायचा. गुडघे सैल, श्वास चालू असा जो उभा, तो एक पाऊल टाकून जागेवर. आम्हाला वाटायचं हा कुस्तीचा डाव आहे. चाळीस वर्षांनी कळलं की तोल म्हणजे हेच. पोटाला ताकद पाहिजे, पण ती वेळेवर यायला पाहिजे. पाय सरकल्यावर पाव सेकंदानं आलेली ताकद उपयोगाची नाही.

मी काय केलं ते सांगतो. पहिले पंधरा दिवस झोपूनच. उताणं, गुडघे उभे. श्वास सोडता सोडता बेंबीखालचा भाग हलकासा आत, लघवी अडवताना होतं तेवढाच, जास्त नाही. तसंच ठेवून एकदा डावं पाऊल चार बोटं वर, एकदा उजवं. आणि मोठ्यानं आकडे म्हणायचे. बोलताना श्वास कोंडता येत नाही, म्हणून हा उपाय. घरच्यांना वाटायचं मी पाढे म्हणतोय. तुमची बीपीची काळजी ह्यानं बरीच कमी होईल.

मग रांगत्या पोरासारखं, दोन हात दोन गुडघे. उजवा हात पुढं, डावा पाय मागं, दहा आकडे, मग दुसरी बाजू. कमरेवर आडवी एक रिकामी कांडी ठेवायचो. कंबर डुलली की कांडी खाली. पहिल्या आठवड्यात कांडी टिकलीच नाही. तुमची मनगटं दुखतात तर मुठी टेका, किंवा पलंगाच्या कडेवर कोपरं टेकून करा.

पण ताई, तुम्ही जे विचारलंय, पालथं पडून बांधाला काय उपयोग, त्यात तुम्ही बरोबर आहात. झोपून केलेलं झोपेपुरतं. खरं काम उभ्यानं. स्वयंपाकाच्या कट्ट्याकडं तोंड करून उभं राहायचं, एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवून, बांधावर पडतात तशी एका रेषेत पावलं. कट्ट्यावर आधी दोन बोटं. चार दिवसांनी एक बोट. मग हात नुसता कट्ट्याच्या वर, न टेकता. दहा सेकंद झाले की पाय बदलायचा. हे जमलं की मान सावकाश डावीकडं, उजवीकडं. मान वळवली की सगळं परत पहिल्यापासनं शिकावं लागतं, घाबरू नका. मी वळतानाच पडलो होतो, त्यामुळं ह्यावर मी महिना घालवला.

शेवटचं, मला सगळ्यात आवडलेलं. एका हातात अर्धी बादली पाणी घेऊन अंगणात वीस पावलं. बादलीच्या बाजूला कलायचं नाही, उलट बाजूलाही नाही, आणि पाणी डचमळू द्यायचं नाही. मग दुसऱ्या हातात. कमरेच्या दोन्ही अंगांना ह्यानं जे काम पडतं ते जोरांनी कधी पडलं नव्हतं. तुम्ही बायका कमरेवर घागर घेऊन हेच करत होता, नळ आले आणि ते गेलं.

रोज पंचवीस मिनिटं. पहिले तीन आठवडे काही फरक नाही. गणपतीत आठ दिवस सोडलं तर मागं गेलो. तीन महिन्यांनी नातवाला सांगितलं, मी भिंतीच्या कोपऱ्यात उभा राहतो, तू खांद्याला हलकंसं ढकल, कधी ते सांगू नको. आता पाऊल आपोआप पडतं. अजून करालोय, सोडलं नाही.


निपाणीची_फिजिओ
१५ जुलै, दुपारी २.०५

वडगावच्या काकांनी सांगितलेला क्रम चांगला आहे. पण ताई, व्यायाम सुरू करण्याआधी तुमच्या पोस्टमधल्या एका ओळीबद्दल बोलायचं आहे. तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे: डोळे मिटले की भिंत धरावी लागते.

तोल सांभाळायला मेंदूला तीन ठिकाणांहून खबर लागते: डोळे, आतला कान, आणि तळपाय-घोट्यांमधली जाणीव. डोळे मिटल्यावर माणूस झुलायला लागतो तेव्हा उरलेल्या दोहोंपैकी एकाची खबर कमी पडते आहे असा संशय घ्यावा. तुम्हाला चक्कर नाही, आणि शुगर सात वर्षांची आहे. त्यामुळे मला पहिली शंका तळपायांची येते. जुन्या शुगरमध्ये पायांच्या नसा बधिर होतात. शिवाय मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतल्यावर काहींच्या शरीरात बी-१२ कमी होतं, आणि त्यानंही हेच होतं. मुंग्या येतीलच असं नाही. गोळी आपल्या मनानं बंद करू नका. डॉक्टरांना दोन गोष्टी सांगा: रक्तातलं बी-१२ बघा, आणि १० ग्रॅम दाबाच्या नायलॉन तारेनं तळपाय तपासा. तार लावून विचारतात, कळलं का. दोन मिनिटांचं काम आहे.

बीपीही एकदा आडवं पडून आणि मग उभं राहिल्यावर एका व तीन मिनिटांनी मोजून घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरत असेल तर गोळीचं प्रमाण डॉक्टरांना बघावं लागेल.

आता कोअर. वर श्वासाचा पडदा, खाली ओटीपोटाचा तळ, पुढून-बाजूनं पोटाला पट्ट्यासारखा वेढणारा सगळ्यात आतला स्नायू, मागं मणक्याला बिलगलेले बारीक स्नायू, एवढ्यांची ती पेटी आहे. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी स्नायूंमधली विजेची हालचाल मोजून दाखवलं की निरोगी माणूस हात उचलतो तेव्हा हाताच्या आधी हा आतला स्नायू कामाला लागतो, आणि कंबरदुखीच्या लोकांमध्ये तो उशिरा लागतो. काकांचं ‘वेळेवर’ ते हेच. त्यानंतर काही वर्षं आम्ही सगळे लोकांना फक्त पोट आत ओढायला लावत होतो. तेवढ्यानं भागत नाही, हे आता कळलं आहे. अख्खं धड आणि पाय एकत्र शिकावे लागतात. पोट बाहेरून दाबून स्नायू किती वेळानं जागा झाला हे कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळे ‘कोअर कमकुवत’ हे दहा मिनिटांतलं निदान मी तरी अपुरं मानते.

प्लँक वाईट नाही. पण तुमच्या पडण्याशी त्याचा मेळ नाही. न्यूझीलंडच्या ओटॅगो विद्यापीठातला वयस्करांसाठीचा कार्यक्रम बघा: पायांची ताकद आणि उभ्यानं तोलाचे व्यायाम आठवड्यातून तीनदा, शिवाय चालणं. त्यानं पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झालं. त्यात प्लँक नाही.

माझ्याकडे विडी वळणाऱ्या बायका येतात. मांडीवर सूप घेऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत बैठक. त्यांना मी पहिला व्यायाम देते तो खुर्चीवरून उठण्याचा. हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता-बसता ते मोजा. साठ ते चौसष्टच्या बाईला १२ पेक्षा कमी होत असतील तर मांड्यांवरही मेहनत हवी. नुसतं पोट धरून बसू नका.

लावणीबद्दल एक. तासभर वाकून राहिल्यावर कण्याचे बंध ताणून सैल पडतात आणि उभं राहिल्याबरोबर पूर्ववत होत नाहीत. तुम्ही वाकून रोप काढून लगेच पेंडी डोक्यावर घेतली असणार. ताठ उभं राहून दोन-चार मिनिटं फिरा, मग ओझं उचला.

डोळे मिटून उभं राहण्याचा सराव मात्र घरी एकटीनं अजिबात करू नका.


खानापूरचा_मळा
१५ जुलै, रात्री ८.५०

चिखलात चप्पल घातली की तोल जातोच. आमच्याकडं सगळे अनवाणी उतरतात, पायाची बोटं चिखल धरतात. चप्पल काढून बघा.


निपाणीची_फिजिओ
१५ जुलै, रात्री ९.३०

ज्यांचे तळपाय शाबूत आहेत त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं खरं आहे, बोटांना जमीन कळते. ताईंनी मात्र तपासणी होईपर्यंत अनवाणी उतरू नये. बधिर पायाला काच लागली तरी कळत नाही आणि शुगरमध्ये ती जखम चिघळते. घट्ट बसणारे, पातळ तळाचे बूट घ्या.


मार्कंडेयकाठ
१६ जुलै, सकाळी ७.१०

सगळ्यांचे आभार. पेंडी मी लगेचच उचलली होती, मॅडम. खुर्चीवरनं ३० सेकंदांत ८ वेळा उठले. उद्या डॉक्टरांकडं जाते. अण्णा, कांडी घरात नाही, लाटणं चालेल का?


धोटा_वडगाव
१६ जुलै, सकाळी ७.४५

लाटणं जड आहे, पडलं तर आवाज होईल, पण चालेल.


मार्कंडेयकाठ
१९ ऑक्टोबर, रात्री ८.२०

तीन महिन्यांनी लिहितेय, कारण आज सांगण्यासारखं झालं.

आधी तपासणीचं. बी-१२ १४८ आलं, लॅबच्या कागदावरच्या खालच्या मर्यादेच्याही खाली. उजव्या तळपायाला तीन ठिकाणी तार लागलेली मला कळलीच नाही. मी डॉक्टरांना म्हटलं, तुम्ही लावलीच नाही. त्यांनी मुलाला दाखवून परत लावली. तरीही कळलं नाही. त्या दिवशी घरी येऊन मी रडले. ह्या पायांवर मी बत्तीस वर्षं गावभर पोरं गोळा करत हिंडले होते आणि ते मुके होत चाललेले मला कळलं नाही. इंजेक्शनं झाली, आता गोळी आहे. उभं राहिल्यावरचं बीपी ठीक निघालं.

व्यायाम अण्णांच्या क्रमानंच केला, फक्त झोपून करायचं दहाच दिवस केलं आणि खुर्चीचं उठणं त्यात घातलं. लाटणं पाचव्या दिवशी टिकलं. श्वासाचं मात्र फार जड गेलं. मोठ्यानं आकडे म्हणताना लक्षात आलं की मी भांडी घासताना, पोळी लाटताना, जिना चढतानासुद्धा श्वास धरून ठेवते. कधीपासनं, कुणास ठाऊक. आता पोळ्या लाटताना अभंग म्हणते, म्हणजे आपोआप सुटतो.

एका रेषेतलं उभं राहणं आधी ४ सेकंद होतं, उजवा पाय मागं असला तर त्याहून कमी. आता १८. एका पायावर ३ चे ९ झाले. खुर्चीवरनं १३. बादली दोन्ही हातांनी जमते, डाव्या हातात अजून थोडी कलते.

एक मी माझ्या मनानं वाढवलं. आमच्या देवळात एकादशीला भजन असतं, बायका पावली खेळतात. दोन पावलं पुढं, एक मागं, भार ह्या पायावरनं त्या पायावर, आणि हातात टाळ. मी दोन वर्षं भीतीनं बाजूला बसत होते. भाद्रपदात परत उभी राहिले, खांबाच्या जवळ. पहिल्यांदा टाळ घेतले नाहीत. मागच्या एकादशीला घेतले. कट्ट्याजवळ सेकंद मोजताना मन लागत नाही. तिथं अर्धा तास कसा जातो कळत नाही, आणि भार सारखा बदलत असतो. मॅडमनी सांगावं हे चालेल का.

आता आजचं. दुपारी जेवण घेऊन शेताकडं गेले. भाताचा दाणा भरलाय, लोंब्या वाकल्यात. लावणीच्या वेळी पडले त्याच्या दहा पावलं अलीकडं पाणी सोडायला बांध फोडलेला आहे, तिथं शेवाळ. उजवाच पाय सरकला. आणि मी उभी होते. डावं पाऊल पुढं पडलेलं होतं, ते मी कधी टाकलं मला माहीत नाही. श्वास चालू होता हे मात्र लक्षात आलं. ताकाच्या किटलीतलं जरासं ताक सांडलं, तेवढंच. सूनबाई लांबनं बघत होती, धावत आली आणि म्हणाली, आत्ती, बसा. मी म्हटलं, बसायचं कशाला?

डोळे मिटले की भिंत अजून धरावी लागते, मॅडम. ते जाईल का?


निपाणीची_फिजिओ
१९ ऑक्टोबर, रात्री ९.५५

ताई, वाचून फार आनंद झाला. पावली जरूर चालू ठेवा. सावकाश भार बदलत केलेल्या हालचालींनी तोल सुधारतो, ‘ताई-ची’ ह्या सावकाश करायच्या चिनी व्यायामाचा वयस्करांना उपयोग होतो तो ह्याच गुणामुळे.

भिंतीचं खरं सांगते. बी-१२ मुळं जे झालं असेल ते महिन्यांच्या हिशोबानं बरंचसं भरून येऊ शकतं, शुगरमुळं झालेलं सहसा परत येत नाही, ते वाढू न देणं आपल्या हातात. म्हणून न्हाणीघरात भिंतीला दांडा बसवून घ्या आणि रात्री संडासाच्या वाटेवर बारका दिवा चालू ठेवा. अंधारात डोळ्यांची मदत नसते, तिथं व्यायाम पुरा पडत नाही. तळपाय रोज रात्री आरशात बघा.


धोटा_वडगाव
२० ऑक्टोबर, सकाळी ६.०५

ताई, डाव्या हाताची बादली आणखी पाव भागानं कमी करा आणि पावलं वाढवा. कलून चालायची सवय लागली तर मोडायला जड जाते, मी भोगलंय. आणि जेवणाची बुट्टी डोक्यावर घेऊ नका अजून.


मार्कंडेयकाठ
२० ऑक्टोबर, सकाळी ६.३०

बुट्टी कमरेवरच होती, अण्णा. जाताना उजव्या, येताना डाव्या.